कापलेले कोपरे

आमचे काका गणिताचे मास्तर. लातूरच्या एका शाळेत उभी हयात गेली. घरात काहीही बिनसलं की त्यांचं वाक्य ठरलेलं, "जे होतं ते बऱ्यासाठीच." दूध नासलं? बरं झालं, कलाकंद करू. एसटी चुकली? बरं झालं, नाहीतरी ती वाटेत बंद पडली असती. काकू यावर उलटून बोलायची नाही. हातातलं पातेलं ओट्यावर जरा जोरात ठेवायची, एवढंच.

मी शिकायला त्यांच्याकडे होते. 1993 साली आठवीत. अनंत चतुर्दशीला शाळेच्या गणपतीचं विसर्जन झालं, आम्ही गुलालाने माखून घरी आलो आणि मेल्यासारखे झोपलो. पहाटे चारला चार-पाच मिनिटं कमी असताना भांड्यांची मांडणी एकदम बोलायला लागली. काकांनी मला दंडाला धरून अंगणात ओढलं. भूकंपाने आमच्या घराच्या एका भिंतीला चीर पडली, बाकी काही नाही. किल्लारी आमच्यापासून चाळीसेक किलोमीटर. तिकडे काय झालं ते उजाडल्यावर हळूहळू कळत गेलं. मेलेल्यांचा सरकारी आकडा पुढे 8 हजारांच्या जवळ गेला.

काकांच्या शाळेतले शिपाई त्या भागातल्याच एका खेड्याचे. आठवडाभर लातुरात राहायचे, सुट्टीला गावी जायचे. विसर्जनाची मांडव-सतरंज्यांची आवराआवर होती म्हणून त्या रात्री शाळेतच थांबले. गावी घरातली चार माणसं दगड-मातीखाली गेली. आठ-दहा दिवसांनी ते काकांकडे आले. पगाराचा कसलासा कागद होता, त्यावर सही हवी होती. काकूने चहा ठेवला. काकांनी सही केली, कागद परत दिला, बराच वेळ कुणी बोललं नाही. काकांना शांतता झेपायची नाही. ते म्हणाले, "विसर्जनासाठी तुम्हाला थांबवून घेतलं म्हणून तुम्ही तरी राहिलात. जे होतं ते बऱ्यासाठीच."

शिपाईमामांनी बशीतला चहा संपवला. बशी कपाखाली नीट ठेवली. म्हणाले, "व्हय गुरुजी."

आत काकूने पातेलं आपटलं नाही. ते मला जास्त लक्षात राहिलं.

---

नंतर पुण्यात कॉलेजला असताना अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांच्या ढिगात एक पातळसं इंग्रजी पुस्तक मिळालं, अठराव्या शतकातल्या व्हॉल्तेअर या फ्रेंच लेखकाचं 'काँदीद'. तीस प्रकरणं, आणि प्रकरणं कसली, काही तर दोन-दोन पानांची. रात्रीत संपलं. हसून हसून पोट दुखलं आणि मग ते दुखणं वेगळंच काहीतरी आहे असं वाटायला लागलं.

गोष्ट अशी. वेस्टफालियातल्या एका बॅरनच्या वाड्यात काँदीद नावाचा भाबडा पोरगा वाढतोय. बॅरन त्या मुलखातला बडा सरदार, कारण त्याच्या वाड्याला दार आहे आणि खिडक्यासुद्धा आहेत. तिथे पँग्लॉस नावाचा गुरू. ग्रीकमधून फोड केली तर या नावाचा अर्थ जवळपास 'नुसती जीभ' असा होतो. हा गुरू शिकवतो की शक्य असलेल्या सगळ्या जगांमध्ये आपलं जग सर्वोत्तम आहे. पुरावे हजर. नाकं चष्मा ठेवण्यासाठी केली आहेत, म्हणून तर आपल्याकडे चष्मे आहेत. डुकरं खाण्यासाठी केली आहेत, म्हणून आपण बारा महिने डुक्कर खातो. पुढे काँदीद बॅरनच्या मुलीचा मुका घेताना सापडतो, पार्श्वभागावर लाथ बसते आणि त्या सर्वोत्तम जगात त्याची रवानगी होते. दोन गणवेशवाले त्याला जेवू घालून सैन्यात अडकवतात. एक दिवस तो सहज पाय मोकळे करायला निघतो, तर तो पळपुटा ठरतो. शिक्षा निवडायचं स्वातंत्र्य मात्र त्याला आहे: सगळ्या पलटणीच्या रांगांमधून छत्तीस वेळा फटके खात जा, नाहीतर डोक्यात बारा गोळ्या घे. पलटण 2 हजारांची. दोन फेऱ्यांत 4 हजार फटके होतात आणि मानेपासून खालची कातडी सोलून निघते. हे सगळं व्हॉल्तेअर अशा आवाजात सांगतो जसा एखादा कारकून पावती वाचून दाखवतो.

पँग्लॉस म्हणजे आमचे काकाच, हा शोध मला लागला आणि मी फार खूश झाले. वीस वर्षांच्या वयात असे शोध रोज लागतात. दिवाळीला लातूरला गेले ते पुस्तक घेऊनच. फराळाच्या वेळी काकांना मुद्दाम नाक-चष्म्याचा उतारा मराठी करून ऐकवला. काकांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला, नाकाचं टोक चाचपलं आणि खदखदून हसले. मग चकली मोडत विचारलं, "पण हा टोमणा मारायलाय कुणाला?"

मी म्हटलं, "लायब्निट्झ नावाचा एक जर्मन तत्त्वज्ञ होता."

काकांची चकली तोंडाशी थांबली. "आपला लायब्निट्झ? डीवाय बाय डीएक्सवाला?"

तोच. वहीत रोज काढायची ती चिन्हं त्याचीच. कॅल्क्युलसवरचा त्याचा पहिला छापील निबंध 1684 चा, आणि त्याच्या शीर्षकातच मोठ्यात मोठी आणि लहानात लहान किंमत काढायची नवी पद्धत असं आहे. मॅक्झिमा-मिनिमा. काका उठले, माझ्या वहीच्या मागच्या पानावर चौकोन काढला आणि बारावीचं गणित घातलं. बारा इंचांचा चौरस पत्रा आहे. चारही कोपऱ्यांतून सारखे चौरस कापायचे, कडा वर दुमडायच्या, वरून उघडी पेटी करायची. पेटीत जास्तीत जास्त माल मावायला कोपरे केवढे कापाल? मी तोंडी सांगितलं, दोन इंच. 128 घनइंच भरतात. दीड इंच कापलं तरी कमी, अडीच कापलं तरी कमी.

"आता हेच्याकडं बघ," काका म्हणाले. "पेटी सर्वोत्तम झाली का नाही? मग कोपरे वाया गेले म्हणून रडायचं का? लायब्निट्झ असं म्हणत नाही की कोपरा सुखात आहे. तो म्हणतो, पेटी याच्यापेक्षा मोठी होऊच शकत नव्हती. तुझ्या त्या व्हॉल्तेअरला गणित येत नव्हतं."

खरं सांगायचं तर लायब्निट्झची बाजू इतक्या स्वच्छपणे मांडलेली मी नंतरही क्वचितच वाचली. त्याचा 'थिऑडिसी' हा ग्रंथ 1710 चा. देव सर्वशक्तिमान, देव दयाळू, मग जगात दुःख का? त्याचं उत्तर थोडक्यात असं की देवापुढे असंख्य शक्य जगं होती. ती एकेक सुटी करून सुधारता येत नाहीत, एक गोष्ट हलवली की हजार हलतात. त्यातलं सगळं धरून उत्तम ठरणारं जग त्याने निवडलं. त्यात दुःख आहे, पण ते कमी केलं तर दुसरीकडे जास्त काहीतरी बिघडेल. हा मूर्खाचा विचार नाही. त्याचं सवंग रूप नंतर पसरलं. इंग्लंडात अलेक्झांडर पोपने 1730 च्या दशकात एका दीर्घकाव्यात जे आहे ते योग्यच आहे असं ठणकावून टाकलं आणि ते सुशिक्षितांच्या दिवाणखान्यात सुभाषितासारखं फिरू लागलं. व्हॉल्तेअर स्वतः तरुणपणी पोपच्या प्रेमात होता. पँग्लॉसच्या तोंडी त्याने जे घातलंय ते लायब्निट्झपेक्षा या दिवाणखान्यातलं जास्त आहे. म्हणजे काका म्हणाले ते चुकीचं नव्हतं, अन्याय झालाच होता.

पण मी त्या पानाकडे बघत बसले होते. काकांनी कोपरे पेन्सिलीने गिरवून काळे केले होते. आणि मला बशी कपाखाली नीट ठेवणारा हात दिसत होता.

---

1 नोव्हेंबर 1755, शनिवार. पोर्तुगालच्या राजधानीत, लिस्बनमध्ये, सर्व संतांचा सण. सकाळी साडेनऊ-पावणेदहाची वेळ, चर्च माणसांनी भरलेली, वेदीवर मेणबत्त्या पेटलेल्या. भूकंप झाला तेव्हा छपरं प्रार्थनेला आलेल्यांवर कोसळली. जे निसटले ते मोकळ्या जागेसाठी नदीकाठी धावले आणि पाऊण तासाच्या आत समुद्र नदीतून आत आला. चर्चमधल्या मेणबत्त्या आणि घराघरातल्या चुली यांनी पेटलेली आग पुढे पाच-सहा दिवस जळत होती. तेजु नदीकाठचा राजवाडा त्याच्या ग्रंथालयासकट गेला. त्याच वर्षी वसंतात सुरू झालेलं नवंकोरं ऑपेरागृह गेलं. मेलेल्यांचा अंदाज कुणी 30 हजार धरतं, कुणी त्याच्या दुप्पट.

ही बातमी जिनिव्हाजवळ राहणाऱ्या साठीच्या व्हॉल्तेअरला काही आठवड्यांनी मिळाली. त्याने आधी विनोद केला नाही, कविता लिहिली. 1756 साली ती छापली तेव्हा सोबत एक प्रस्तावना जोडली. त्यात तो म्हणतो, लिस्बन उद्ध्वस्त झालं तेव्हा तत्त्ववेत्ते तिथल्या अभाग्यांना जाऊन सांगते तर काय सांगते? सगळं ठीक आहे, मेलेल्यांच्या वारसांची इस्टेट वाढेल, घरं पुन्हा बांधताना गवंड्यांना पैसा मिळेल, ढिगाऱ्यात गाडलेल्या प्रेतांवर जनावरं पोसतील.

हे वाचलं तेव्हा मला आमच्या आळीतला एक माणूस आठवला. तो किल्लारीनंतर महिनाभरात म्हणाला होता, बरं झालं एका अर्थी, आता नवी गावं होतील, रुंद रस्ते होतील. नवी गावं झाली, रस्तेही रुंद झाले. त्याचं म्हणणं खरंच ठरलं. काही वाक्यं खरी ठरूनही बोलू नयेत अशी असतात.

कविता वाचून रूसो या तत्त्वज्ञाने ऑगस्ट 1756 मध्ये व्हॉल्तेअरला लांबलचक पत्र लिहिलं. त्यात एक मुद्दा असा आहे की तो वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं. रूसो म्हणतो, तिथे सहा-सहा सात-सात मजल्यांची 20 हजार घरं निसर्गाने रचली नव्हती. लोक विखरून, हलक्या घरांत राहत असते तर नुकसान कितीतरी कमी झालं असतं. हे देवाच्या बचावासाठी लिहिलेलं आहे, पण त्यातून देव वजा केला तरी ते उभं राहतं. आमच्याकडे भिंती दोन-दोन फूट जाडीच्या, गोल दगड मातीच्या चिखलात बसवलेले. वर लाकडी माळवद. ते पावसात गळतं म्हणून दर एक-दोन वर्षांनी वर आणखी माती टाकायची. बापाने टाकलेली, आज्याने टाकलेली, पणज्याने टाकलेली. त्या पहाटे माणसं भूकंपाने मेली नाहीत, पणज्याच्या मातीने मेली. कुडाच्या झोपडीत झोपलेले वाचले. लिस्बनमध्ये पाँबाल नावाच्या मंत्र्याने नंतर जी घरं बांधून घेतली त्यांच्या भिंतींच्या आत लाकडी पिंजरा बसवला होता, हलला तरी न तुटणारा. रूसोचं उत्तर तत्त्वज्ञानात कुणी मानलं असेल नसेल, सुतारांनी मानलं.

व्हॉल्तेअरने रूसोला जेमतेम पोच दिली, तब्येतीचं निमित्त काढलं. खरं उत्तर 1759 च्या सुरुवातीला आलं. लेखकाचं नाव नाही, कुण्या डॉक्टर राल्फच्या जर्मन पुस्तकाचं भाषांतर अशी थाप मुखपृष्ठावर. हे मी लिहिलेलं नाही, असं व्हॉल्तेअर भेटेल त्याला सांगत होता आणि कुणीही विश्वास ठेवत नव्हतं. जिनिव्हात बंदी, पॅरिसमध्ये बंदी, तरी पुस्तक वणव्यासारखं खपलं. 1762 मध्ये रोमने ते निषिद्ध ग्रंथांच्या यादीत टाकलं. रूसो नंतर म्हणायचा, माझ्या पत्राचं उत्तर म्हणजे हे 'काँदीद'.

आणि उत्तर कसलं, तर कोपऱ्यांची साक्ष. पेटीत किती मावतं हा प्रश्नच या पुस्तकात कुणी सोडवत नाही. पानोपानी कापून टाकलेले तुकडे भेटतात आणि आपापली हकीकत सांगतात. ज्याने काँदीदला आसरा दिला तो भला माणूस लिस्बनच्या बंदरात बुडतो. काँदीद उडी मारणार तर पँग्लॉस त्याला धरून ठेवतो आणि सिद्ध करतो की हे बंदर मुळात या माणसाने बुडावं म्हणूनच घडवलं गेलं होतं. मग भूकंप. ढिगाऱ्याखाली अडकलेला काँदीद म्हणतो, थोडं तेल आणि दारू आणा हो, मी मरतोय. पँग्लॉस म्हणतो, हा भूकंप काही नवीन नाही, गेल्या वर्षी लिमा शहरात असाच झाला, कारणं तीच, गंधकाचा पट्टा जमिनीखालून गेलेला असला पाहिजे. काँदीद म्हणतो, अगदी शक्य आहे, पण देवासाठी थोडं तेल. पँग्लॉस दुखावतो, शक्य आहे म्हणजे काय? हे सिद्ध झालेलं आहे!

पुढे शहाणे लोक ठरवतात की पुन्हा भूकंप होऊ नये यावर रामबाण उपाय एकच, काही माणसं मंद आचेवर समारंभपूर्वक जाळावीत. पँग्लॉसला बोलल्याबद्दल फाशी, काँदीदला मान डोलावत ऐकल्याबद्दल फटके. फटके गाण्याच्या तालावर. त्याच दिवशी जमीन पुन्हा हादरते.

इथे गोव्याची आठवण येतेच. असे निवाडे करणारं हेच पोर्तुगीज धर्मन्यायालय, म्हणजे इन्क्विझिशन, 1560 पासून गोव्यात बसत होतं, आणि व्हॉल्तेअरला ते नुसतं ऐकून माहीत नव्हतं, त्याच्या डोक्यात ते पक्कं घर करून होतं. दहा वर्षांनी त्याने पत्रांच्या रूपात आणखी एक गोष्ट लिहिली, तिच्यात काशीचं एक हिंदू जोडपं गोव्याच्या या न्यायालयाच्या तावडीत सापडतं. मराठी वाचकांनी ती शोधून वाचावी. भारताबद्दलची माहिती भन्नाट चुकीची आहे, राग मात्र खरा आहे.

सगळ्यात मोठा कोपरा दक्षिण अमेरिकेत सुरिनामला भेटतो. रस्त्याच्या कडेला एक गुलाम पडलाय, अंगावर निळ्या कापडी चड्डीचा अर्धाच भाग उरलेला, डावा पाय नाही, उजवा हात नाही. वर्षाला दोन चड्ड्या मिळतात, तो सांगतो. साखरेच्या चरकात बोट अडकलं तर हात तोडतात, पळून जायचा प्रयत्न केला तर पाय तोडतात, माझ्या बाबतीत दोन्ही झालं. या किमतीत तुम्ही युरोपात साखर खाता. इथे पहिल्यांदा काँदीद कोसळतो. पँग्लॉसला हाक मारून म्हणतो, आता तुझा ऑप्टिमिझम मी सोडून देतो. त्याचा नोकर विचारतो, ऑप्टिमिझम म्हणजे काय? तर काँदीद म्हणतो, वाईट चाललेलं असताना सगळं छान आहे असा हट्ट धरायचं वेड. (हे लिहिणाऱ्या व्हॉल्तेअरकडे फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीचे शेअर होते. हेही त्याच पावतीवर लिहून ठेवायला हवं.)

उसाच्या पट्ट्यात वाढलेल्या माझ्यासारखीला ते साखरेचं वाक्य नुसतं अठराव्या शतकातलं वाटत नाही. पण त्यावर वेगळं लिहीन कधी.

आपण मराठीत ऑप्टिमिझमला आशावाद म्हणतो. कोशातही तेच. पण 'काँदीद'मधल्या ऑप्टिमिझमचा आशेशी संबंधच नाही. तो शब्द लॅटिनमधल्या सर्वोत्तमवरून आलाय. आहे हेच सर्वोत्तम असेल तर आशा कशाची करायची? काकांची पेटी 128 वर थांबली, तिच्यापुढे गणित संपतं. व्हॉल्तेअरने 1756 मध्येच एका पत्रात लिहिलं होतं की हे तत्त्वज्ञान निराश करणारं आहे, नाव दिलासा देणारं आणि आत क्रूर. त्याच्या लिस्बनच्या कवितेतही तेच आहे: एक दिवस सगळं ठीक होईल ही आशा, आज सगळं ठीक आहे हा भ्रम. म्हणजे 'आशावादाची टिंगल' असं जे 'काँदीद'बद्दल आपल्याकडे सहज लिहिलं जातं ते बरोबर उलटं आहे. आशा ही टिंगल करणाऱ्याच्या बाजूला आहे.

---

पुस्तक मी नंतर तीन-चारदा वाचलं. पँग्लॉसवर हसणं दरवेळी थोडं कमी होत गेलं. त्याचं कारण शेवटच्या प्रकरणातलं एक वाक्य आहे. पहिल्या वाचनात ते माझ्या नजरेतून निसटलं होतं. एव्हाना पँग्लॉसला गुप्तरोग होऊन गेलाय, एक डोळा आणि एक कान गेलाय, अर्धवट फाशी झालीय, फाशीनंतर शवचिकित्सेसाठी छाती-पोट चिरून झालंय, जहाजावर वल्ही मारून झालीयत. सगळे कॉन्स्टँटिनोपलजवळ एका मळ्यात कसेबसे जमलेत. तिथे व्हॉल्तेअर सांगतो की पँग्लॉस कबूल करायचा, मी कायम भयानक भोगलं. पण सगळं उत्तम चाललंय असं एकदा म्हणून ठेवलेलं असल्यामुळे तो तेच म्हणत राहिला, आणि त्याचा त्यावर काडीचा विश्वास नव्हता.

काकांच्या वाक्यात 1993 नंतर एक शब्द वाढला होता. वाढला तेव्हा मला कळलं नव्हतं, वाचताना आठवलं. पूर्वी ते म्हणायचे, "जे होतं ते बऱ्यासाठीच." नंतर म्हणायला लागले, "जे होतं ते बऱ्यासाठीच, म्हणतात." शिपाईमामा पुढे निवृत्त होईपर्यंत दर महिन्याला घरी यायचे. त्यांच्यासमोर हे वाक्य मी पुन्हा कधीच ऐकलं नाही.

एप्रिल 2016. लातूरला पाणी नव्हतं. मिरजेहून रेल्वेने पाणी आलं त्या आठवड्यात मी तिथे होते. पहिल्या गाडीला दहा टाक्या, 5 लाख लिटर. टाक्यांना हार घातलेले. त्याआधी पाणी भरायच्या ठिकाणी भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावलेली होती. नळाला पाणी नाही, वॉर्डात टँकर येईल तेव्हा येईल. दारात निळे ड्रम, घागरी, रंगाचे रिकामे डबे रांगेने मांडलेले. शहराबाहेर ऊस उभा.

काका पंचाहत्तरीच्या पुढे गेले होते. ओसरीवर खुर्ची टाकून बसले होते, मी पायरीवर. त्यांनी उकाड्याचं काहीतरी म्हटलं, मग पाण्याचं, मग हळूहळू त्यांच्या आवाजाला ती जुनी लय आली. "एका दृष्टीनं बघितलं तर," ते म्हणाले, "लोकांना पाण्याची किंमत तर कळली. आता बघ, छपराचं पाणी साठवायलेत, बोअरचं पुनर्भरण करायलेत. हे संकट आलं नसतं तर हे सुचलं असतं का? लायब्निट्झचं म्हणणं तसं..."

'काँदीद'चं शेवटचं वाक्य सगळ्यांना पाठ असतं, बाग कसायला हवी. त्यावर हजारो पानं लिहून झाली. पण ते पूर्ण वाक्य नाही. आधी पँग्लॉस लांबण लावतो की त्या सुंदर वाड्यातून तुला लाथ बसली नसती, धर्मन्यायालयात तू सापडला नसतास, अमेरिका पायी तुडवली नसतीस, तर आज इथे बसून साखरेत मुरवलेली फळं आणि पिस्ते खात नसतास. आणि काँदीद म्हणतो, छान बोललात, पण आपली बाग कसायला हवी. मी ते कायम उपदेश म्हणून वाचत आले होते.

आतून काकू आली. पदर खोचलेला, दोन्ही हातांत घागरी.

"झालं का बोलून? छान बोललात," ती म्हणाली. "टँकर कोपऱ्यावर आलाय. उठा."

काका उठले. एक घागर त्यांनी घेतली, एक मी.